थंड इंजिनाची कुरकुर

सिंहगड रस्त्याने जाताना धायरी फाट्यावरून आत वळले की लेथची छोटी वर्कशॉप, फॅब्रिकेशनची दुकाने आणि मोटारींची गॅरेजेस लागतात. २०१७ साली पुणे महापालिकेत आलेल्या गावांपैकी धायरी हे एक. इथल्याच एका गॅरेजात जानेवारीतल्या एका संध्याकाळी मी माझी बारा वर्षांची पेट्रोल गाडी घेऊन गेलो होतो. तक्रार साधी होती. सकाळी गाडी सुरू केली की पहिली तीन-चार मिनिटे इंजिन थरथरते, गचके खाते, कधी बंदही पडते. एकदा गरम झाले की काही तक्रार नाही. मी हे सांगत असताना इंजिन अर्थातच अगदी शहाण्यासारखे चालत होते.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलेसुद्धा नाही. ते म्हणाले, "सर, गाडी रात्री इथंच राहू द्या. रोग सकाळचा आहे, तर सकाळीच बघायला पाहिजे. गरम गाडीत मला काय सापडणार?"

प्रयोगशाळेत इतकी वर्षे काढूनही हा विचार आधी आपल्याला का सुचला नाही, याची मला थोडी लाज वाटली. दोष ज्या परिस्थितीत दिसतो ती परिस्थिती पुन्हा निर्माण केल्याशिवाय त्याचा अभ्यास करता येत नाही, हा तर आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्या गाडीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. पण त्या रात्री घरी परतताना एक प्रश्न मनात घोळत राहिला. मोटारीला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. एवढ्या काळात इंजिनात केवढे बदल झाले! तरीही थंडीच्या सकाळी इंजिन कुरकुरते, ही तक्रार अजून संपली कशी नाही? या तक्रारीचा इतिहास पाहू लागलो, तेव्हा लक्षात आले की हा प्रश्न खऱ्या अर्थाने कधी सुटलाच नाही. तो एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात राहिला.

पेट्रोल पेटत नाही, वाफ पेटते

मुळात अडचण कोठे आहे ते आधी पाहू. पेट्रोल ज्वालाग्राही आहे असे आपण म्हणतो, पण द्रवरूप पेट्रोल पेटत नाही. पेटते ती त्याची हवेत मिसळलेली वाफ, आणि तीही ठरावीक प्रमाणात असेल तरच. हवेत पेट्रोलची वाफ आकारमानाने सुमारे दीड टक्क्यापेक्षा कमी असेल, तर ठिणगी पडूनही ज्योत पुढे सरकत नाही. साडेसात टक्क्यांच्या वर गेली, तर प्राणवायू अपुरा पडतो आणि तेव्हाही ज्वलन होत नाही. पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते.

पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक ३०-३५ अंश सेल्सिअसलाच उकळतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या आसपासचे तापमान लागते. इंजिन गरम असते तेव्हा हवा आत नेणाऱ्या नळीच्या आणि झडपांच्या गरम धातूवर पडताच बहुतेक पेट्रोलची वाफ होते. पण पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीचा धातूही तितकाच थंड होतो. अशा वेळी फक्त हलक्या घटकांची वाफ होते. उरलेले पेट्रोल थेंबांच्या रूपात राहते किंवा नळीच्या भिंतीवर पातळ थर होऊन चिकटते. म्हणजे मोजून दिलेले पेट्रोल बरोबर असले, तरी पेटण्याजोगी वाफ मात्र कमी पडते. इंजिनाच्या दृष्टीने मिश्रण पातळ झालेले असते.

त्यातही गाडी उभी असताना इंजिन नुसते चालू ठेवणे, ज्याला आपण आयडलिंग म्हणतो, ती सर्वांत नाजूक अवस्था. आत येणारी हवा थोडी, तिचा वेग कमी आणि सिलिंडरमध्ये आधीच्या स्फोटाचा जळका वायू बराच उरलेला. शिवाय द्रवरूप पेट्रोल चारही सिलिंडरांना सारखे वाटले जात नाही. एका सिलिंडरमध्ये स्फोट होतो, शेजारच्यात होत नाही. मिस्त्री ज्याला 'मिसिंग' म्हणतात ते हेच. आपल्याला आसनावर बसून जाणवणारी थरथर म्हणजे या न झालेल्या स्फोटांची बेरीज असते.

यावर उपाय वरकरणी सोपा आहे. पेट्रोलचा थोडाच भाग वाफ होणार असेल, तर पेट्रोलच जास्त द्यायचे. गरज पडल्यास नेहमीच्या दुप्पट-तिप्पट द्यायचे, आणि इंजिन तापत जाईल तसतसे कमी करत आणायचे. पुढचा सारा इतिहास हा किती जास्त, किती वेळ आणि हे ठरवणार कोण, या तीन प्रश्नांचा आहे.

टोपीच्या पिनेपासून सुरुवात

निकोलाउस ओटोने १८७६ मध्ये चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी केले. कार्ल बेन्झने त्याच तत्त्वावरचे पेट्रोल इंजिन तीन चाकांच्या गाडीवर बसवून १८८६ मध्ये पेटंट मिळवले. त्या गाडीतील कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा एक डबाच होता. डब्यात इंधन भरायचे, त्याच्या पृष्ठभागावरून हवा ओढून घ्यायची, आणि जाता जाता हवेने वाफ सोबत न्यायची. ओल्या कपड्यावरून वारा वाहतो तसाच हा प्रकार.

या रचनेत एक मोठी खोट होती. हलके घटक आधी उडून जात आणि जड घटक डब्यात उरत. त्यामुळे प्रवास लांबेल तसतसे इंधन अधिकाधिक निकृष्ट होई. शिवाय बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता त्या इंधनातूनच घेतली जाई, त्यामुळे ते थंड होत जाई आणि वाफ आणखी कमी होई. माठातले पाणी गार होते ते ज्या कारणाने, त्याच कारणाने इथे इंजिन अडखळे.

ऑगस्ट १८८८ मध्ये कार्लची पत्नी बेर्टा बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, सुमारे शंभर किलोमीटरवरच्या आपल्या माहेरी, याच गाडीतून गेली. वाटेत इंधन संपत आले तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन विकत घेतले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण खराब झाले तेव्हा आपला मोज्याचा पट्टा वापरून तार सुरक्षित केली. मोटारीच्या इतिहासात हा प्रवास जाहिरातीच्या दृष्टीने महत्त्वाचा मानला जातो. मला त्यातले दोषनिदान अधिक मोलाचे वाटते. इंजिन बंद पडले तर कारण इंधनात आहे की ठिणगीत, ही पहिली विभागणी तिने रस्त्यावर उभे राहून केली. आजही कोणताही चांगला मिस्त्री तिथूनच सुरुवात करतो.

पृष्ठभागावरून वाफ गोळा करण्याची पद्धत १८९३ नंतर मागे पडली. त्या वर्षी जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि बुडापेस्टमध्ये दोनात बांकी व यानोश चोंका यांनी स्वतंत्रपणे फवारा मारणारा कार्ब्युरेटर तयार केला. अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिचा दाब कमी होतो. त्या गळ्यात पेट्रोलची बारीक नळी, म्हणजे जेट, उघडी ठेवली की पेट्रोल आपोआप वर ओढले जाते आणि त्याचे तुषार उडतात. इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी उडवायची तोंडाने फुंकायची पिचकारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. सगळे इंधन एकाच प्रतीचे जाऊ लागले. मात्र तुषार म्हणजे वाफ नव्हे. थंड इंजिनाचा प्रश्न तसाच राहिला.

चोक : चालकाच्या हातातले ज्ञान

त्यावर निघालेला तोडगा म्हणजे चोक. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी एक चपटी गोल झडप बसवली. दांडी ओढली की ती झडप हवेची वाट जवळजवळ बंद करी. इंजिन तर हवा ओढतच असते. वाट अडवल्यामुळे आतला दाब आणखी कमी होई आणि जेटमधून पेट्रोल अधिक जोराने येई. हवा कमी आणि पेट्रोल जास्त, असे दाट मिश्रण मिळाले की त्यातला वाफ होणारा थोडा भागही ज्वलनाला पुरे.

आपल्याकडे या दांडीशी दोन पिढ्यांचा परिचय झाला तो फियाट आणि अॅम्बॅसेडरमुळे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या तयार होत. १९६४ पासूनची फियाट ११०० डी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती मुंबईत ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावली. तिच्या डॅशबोर्डवर चोकचे बटण असे. सकाळी ते पूर्ण ओढायचे, गाडी सुरू करायची, आवाज स्थिर झाला की अर्धे आत ढकलायचे आणि काटा थोडा चढला की पूर्ण आत.

यात चूक झाली तर शिक्षा लगेच मिळे. चोक लवकर सोडला तर इंजिन बंद पडे. सोडायला विसरले तर काळा धूर निघे आणि प्लग काजळी धरत. फार वेळा स्टार्टर मारला तर इंजिन 'ओव्हर' होई, म्हणजे प्लग पेट्रोलने भिजून ठिणगीच पडेनाशी होई. आणखी एक नुकसान डोळ्यांना न दिसणारे होते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे वंगण धुऊन खालच्या ऑइलमध्ये मिसळे आणि दट्ट्याच्या रिंगांची झीज वाढे.

दुचाकीवाल्यांनी तर याचा स्वतःचा पाठ तयार केला होता. आकुर्डीच्या बजाज चेतकचा जमाना १९७२ मध्ये सुरू झाला. सकाळी चेतक एका बाजूला तिरकी करून मग किक मारणारे गृहस्थ पुण्याच्या प्रत्येक गल्लीत दिसत. तिरकी केल्याने कार्ब्युरेटरच्या टाकीतले थोडे पेट्रोल अधिक पुढे जाऊन मिश्रण क्षणभर दाट व्हावे, हा त्यामागचा हेतू. बाष्पदाब हा शब्द ठाऊक नसलेल्या हजारो लोकांनी बाष्पदाबावरचा उपाय रोजच्या सवयीत मुरवून टाकला होता.

परदेशात ही जबाबदारी चालकाकडून काढून घेण्याचे प्रयत्न १९३० च्या दशकातच सुरू झाले होते. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडून केलेली गुंडाळी तापली की वळते, कारण दोन्ही धातूंचे प्रसरण सारखे नसते. ही गुंडाळी चोकच्या झडपेला जोडली की इंजिन तापेल तशी झडप आपोआप उघडे. नववीच्या पुस्तकातली द्विधातू पट्टी अशी मोटारीत शिरली.

कान, नाक आणि प्लगचा रंग

कार्ब्युरेटरच्या काळातील मिस्त्री थंड इंजिनाचा दोष कसा शोधत, हे आजही समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यात साधने थोडी आणि तर्क भरपूर असे.

पहिला प्रश्न : थंड असताना वाईट आणि गरम झाल्यावर चांगले, की उलट? पहिल्या प्रकारात मिश्रण पातळ असल्याचा संशय. उलट असेल, तर चोक अडकून मिश्रण दाट राहिल्याचा. दुसरी पायरी म्हणजे प्लग काढून पाहणे. टोकावर पांढरट राख असेल तर मिश्रण पातळ, काळी काजळी असेल तर दाट, आणि विटकरी तपकिरी रंग असेल तर ठीक. तिसरी पायरी त्याहून सुंदर. थंड इंजिन कुरकुरत असताना कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात अर्धवट धरायचा. हवा अडली आणि इंजिन सुधारले, तर मिश्रण पातळ होते हे सिद्ध झाले. म्हणजे मिस्त्रीचा हातच काही क्षणांपुरता चोक बने.

मग पातळ का, याचा शोध. चोकची केबल सैल पडून झडप पूर्ण मिटत नाही का? आयडलिंगचा बारीक जेट कचऱ्याने तुंबला आहे का? कार्ब्युरेटर किंवा मॅनिफोल्डखालची गॅस्केट फाटून इंजिन बाजूने 'हवा ओढते' का? मिश्रणात काहीच सापडले नाही, तर ठिणगीकडे वळायचे : पॉइंटमधले अंतर, जुनी कॉइल, चिरलेल्या वायरी. थंडीत बॅटरीची क्षमता घटते, ऑइल घट्ट होते आणि स्टार्टर जास्त वीज खातो, त्यामुळे ठिणगीला वीज अपुरी पडण्याचाही संभव असतो. एकच सिलिंडर दगा देत असेल तर एकेका प्लगची वायर बाजूला करून पाहत. जी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हा नियम त्यांना कुणी प्रयोगवहीत लिहून दिलेला नव्हता.

वेताळ टेकडीवरची परीक्षा

चोकची दांडी मोटारीतून नाहीशी झाली ती केवळ चालकाच्या सोयीसाठी नव्हे. तिला घालवले ते हवेच्या प्रश्नाने.

दाट मिश्रण म्हणजे अपुरा प्राणवायू. अपुऱ्या प्राणवायूत जळलेले पेट्रोल कार्बन मोनॉक्साइड देते, आणि न जळलेले हायड्रोकार्बन तसेच धुराड्यातून बाहेर पडतात. यावर उपाय म्हणून आलेल्या उत्प्रेरक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम गटातील धातूंच्या पृष्ठभागावर हे वायू निरुपद्रवी वायूंत बदलतात. पण हे यंत्र नीट चालण्यासाठी मिश्रणाचे प्रमाण फार काटेकोर राखावे लागते. हे काम कार्ब्युरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते. जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची पेट्रोल फवारणी फोक्सवागनच्या गाड्यांसाठी बाजारात आणली होती. १९७६ मध्ये त्याच कंपनीचा प्राणवायू मोजणारा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत आला. धुरात प्राणवायू किती उरला हे मोजून संगणक पेट्रोल कमी-जास्त करू लागला.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक कन्व्हर्टर आवश्यक झाला. त्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले, कारण शिशाचा थर बसला की उत्प्रेरक निकामी होतो. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरोपीय धर्तीच्या मर्यादा तातडीने लागू करण्याचा आदेश दिला. २००० मध्ये देशभर नवी मानके आली, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला.

या मानकांची परीक्षा घेणारी एक प्रमुख संस्था पुण्यातच आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था वेताळ टेकडीवर आहे. टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्या पुणेकरांना तिच्या इमारती परिचित असतात, पण आत काय चालते याची कल्पना थोड्यांना असते. धुराच्या चाचणीत गाडी मोठ्या रुळांवर जागच्या जागी चालवतात आणि धुराचे पृथक्करण करतात. या चाचणीची एक अट अशी, की गाडी आधी किमान सहा तास २० ते ३० अंश तापमानात स्वस्थ उभी राहिली पाहिजे. म्हणजे परीक्षा थंड इंजिनाचीच घ्यायची. धायरीच्या मिस्त्रींनी मला सांगितले तेच, फक्त नियमाच्या भाषेत.

पूर्वी युरोपीय चाचणीत एक सवलत होती. इंजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या चाळीस सेकंदांचा धूर मोजत नसत. २००० सालापासून ती काढून टाकली गेली. चाळीस सेकंदांसाठी एवढा आग्रह का? कारण उत्प्रेरकही थंड असताना निष्क्रिय असतो. त्याला काम सुरू करण्यासाठी २५० ते ३०० अंश तापमान लागते. आधुनिक पेट्रोल गाडीच्या चाचणीत बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी निम्म्याहून अधिक भाग या पहिल्या एक-दोन मिनिटांतलाच असतो. पुढचे सगळे किलोमीटर मिळून तेवढे सोडत नाहीत.

शिक्षकांसाठी ही बाब दूरची नाही. हिवाळ्यात पुण्यासारख्या टेकड्यांनी वेढलेल्या शहरात पहाटे जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. या तापमानाच्या उलट्या थरामुळे धूर वर जात नाही. नेमक्या त्याच वेळी, सकाळी सातच्या सुमारास, शाळेच्या फाटकापाशी मुलांना सोडायला आलेल्या आणि नुकत्याच सुरू केलेल्या गाड्यांची रांग लागते. थंड इंजिनाची कुरकुर ही केवळ गाडीमालकाची डोकेदुखी राहत नाही. ती फाटकाशी उभ्या असलेल्या मुलांच्या श्वासात उतरते.

जोडणीतली ओल

आता माझ्या गाडीकडे वळू. थंड असताना उत्प्रेरकासारखाच प्राणवायूचा सेन्सरही काम करत नाही. त्यालाही सुमारे ३०० अंशांपर्यंत तापावे लागते. तोवर संगणक धुराच्या बाबतीत आंधळा असतो. पेट्रोल किती जास्त द्यायचे हे तो मुख्यतः इंजिनातील पाण्याच्या तापमानावरून ठरवतो, आणि ते तापमान त्याला एक लहानसा थर्मिस्टर सांगतो. तापमान वाढले की थर्मिस्टरचा रोध कमी होतो. पुष्कळ गाड्यांत हा रोध १० अंशांना सुमारे ३७०० ओहम, २० अंशांना २५००, ५० अंशांना ८०० आणि ९० अंशांना २४० ओहमच्या आसपास असतो. म्हणजे चोकच्या दांडीवरचा चालकाचा हात गेला आणि त्याच्या जागी वाटाण्याएवढा एक रोध आला.

सकाळी सातला मी पोहोचलो. इंजिन रात्रभर उभे होते. मिस्त्रींच्या पुतण्याने स्कॅनर जोडला. दोषाची नोंद एकही नव्हती. "काही एरर नाही, काका," तो म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "एरर नको बघू. आकडे बघ." आत येणाऱ्या हवेचे तापमान १२ अंश दिसत होते, आणि इंजिनातील पाण्याचे ५० अंश. रात्रभर गारठ्यात उभ्या असलेल्या इंजिनातले पाणी ५० अंश असणार कसे? बोनेटवर हात ठेवला तरी कळत होते.

संगणकाला मात्र यात काही वावगे वाटले नाही. तार तुटली असती किंवा आकडा अशक्य असता, तर त्याने दिवा लावला असता. ५० अंश हे तापमान अगदी शक्य कोटीतले. इंजिन कोमट आहे असे समजून तो पेट्रोल कमी देत होता, आणि इंजिन उपाशी थरथरत होते.

मिस्त्रींनी सेन्सरची जोडणी सोडवली. आत पाणी झिरपून हिरवट क्षार साचले होते. दोन टोकांमध्ये त्या ओलसर क्षारांतून थोडी वीज वाहत होती, म्हणजे थर्मिस्टरला समांतर असा एक दुसरा रोध तयार झाला होता. हा रोध १००० ओहमचा धरू. थंडीत थर्मिस्टरचे ३७०० ओहम आणि समांतर १००० ओहम मिळून सुमारे ७९० ओहम होतात, आणि संगणक ते ५० अंश असे वाचतो. ९० अंशांना मात्र २४० आणि १००० मिळून सुमारे १९० ओहम होतात. तिथे चूक केवळ आठेक अंशांची. एकच बिघाड, पण थंडीत चाळीस अंशांचा खोटेपणा आणि गरम असताना जवळजवळ खरेपणा. शिवाय तोवर प्राणवायूचा सेन्सरही जागा झालेला असतो आणि उरलेली चूक सुधारून घेतो. 'गरम झाले की काही तक्रार नाही' या माझ्या वाक्याचे सगळे स्पष्टीकरण दहावीच्या समांतर जोडणीच्या सूत्रात होते.

सेन्सर आणि त्याची जोडणी बदलली. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू झाली आणि स्थिर राहिली.

उसाचे पेट्रोल आणि जुना प्रश्न

हा इतिहास इथे संपत नाही. २०२५ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत पोहोचले. त्यातील काही वाटा महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा आहे. इथेनॉल हे एकच संयुग असल्याने ते ७८ अंशांना उकळते. त्यात पेट्रोलसारखे सहज उडणारे हलके घटक नसतात. त्याची वाफ करायला पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. आणि एक भाग इथेनॉलला सुमारे नऊच भाग हवा पुरते, त्यामुळे जुन्या जेटमधून तेवढेच मिश्र इंधन आले तर मिश्रण पातळ ठरते. ब्राझीलमध्ये १९७९ पासून निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारी विकल्या गेल्या, तेव्हा थंड सकाळी सुरुवात करण्यासाठी त्यांत पेट्रोलची एक लहान टाकी वेगळी ठेवावी लागे. वीस टक्क्यांच्या मिश्रणात उरलेले पेट्रोल सुरुवात करून देते आणि त्यासाठी बनवलेल्या नव्या गाड्यांचे संगणक हिशेब जुळवतात. पण कुणी जतन केलेली जुनी पद्मिनी थंडीत पूर्वीपेक्षा जास्त वेळ चोक मागू लागली, तर त्याचे कारण आता वाचकांनाच सांगता येईल.

विजेच्या मोटारीत हा प्रश्न नाही. पण रस्त्यावरच्या पेट्रोल गाड्या एका रात्रीत जाणार नाहीत, आणि तोवर रोजची सकाळ आहेच.

वर्गात यातला एक भाग सहज करता येतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळणारा थर्मिस्टर, एक मल्टिमीटर, बर्फाचे पाणी, साधे पाणी आणि गरम पाणी घ्या. थर्मिस्टरची टोके पाण्यात भिजणार नाहीत अशी झाका. तापमान आणि रोध यांचा आलेख काढा. मग त्याला समांतर एक हजार ओहमचा रोध जोडून तेच पुन्हा मोजा. दोन्ही आलेख कोठे एकमेकांपासून दूर जातात आणि कोठे जवळ येतात, हे मुलांनाच शोधू द्या. इंजिनाचे प्रयोग मात्र बंद जागेत कधीही करू नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

चोकची दांडी गेली याची हळहळ मला वाटत नाही. आपल्या हातांपेक्षा ते थर्मिस्टरचे काम अधिक चोख आहे, आणि हवाही त्यामुळे पुष्कळ स्वच्छ राहते. पण दांडीबरोबर एक रोजचा धडा गेला, हे खरे. पूर्वी थंड इंजिनाला काय हवे असते हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असे. आता ते संगणकाला माहीत असते, आणि संगणक फसला तर ज्याला मूळ गोष्ट ठाऊक आहे तोच त्याला पकडू शकतो. गाडी घेऊन निघताना मी मिस्त्रींना विचारले, "पन्नास अंश खोटे आहेत हे लगेच कसे ओळखलेत?"

ते म्हणाले, "सर, हात लावून बघितला ना!"